गेरवाले सर

सराफानं ती वस्तू काट्यावर ठेवली, काचेची झडप लावली, आकडा थांबू दिला आणि सवयीनं विचारलं, "घट किती धरू, सर?"

वस्तू म्हणजे सायकलला पाण्याची बाटली अडकवायचं कडं. जुनं. भरलं ६४ ग्रॅम. मग सरांनी पिशवीतून दुसरं कडं काढलं, काळं, तकतकीत. ते भरलं २८. सरांनी दोन्ही आकडे वहीत मांडले, वजाबाकी केली आणि "छत्तीस!" असं इतक्या मोठ्यानं म्हणाले, की मंगळसूत्र बघायला बसलेल्या दोन बायका दचकल्या.

"म्हणजे साडेतीन तोळं उतरलं की," सराफ म्हणाला. त्याच्या धंद्यात साडेतीन तोळं उतरलं तर घरात रडारड होते. सर मात्र हसत हसत पायऱ्या उतरले आणि त्या आनंदात आम्ही समोरच्या गाड्यावर दोन-दोन प्लेट भजी खाल्ली. गाड्यावर काटा नव्हता, ते एक बरं.

मी मोंढ्यात आडतीवर मुनीम आहे आणि सरांचा शेजारी आहे. आमच्या काट्यावर छत्तीस ग्रॅम ही संख्याच नाही. हळदीच्या पोत्याला चिकटलेली माती झटकली तरी त्याहून जास्त पडते. सरांनी पहिल्यांदा अख्खी सायकल आमच्याच काट्यावर आणली होती. हमालानं ती एका हातानं उचलून ठेवली, काट्यानं अकरा किलो दाखवले, आणि सर खाली वाकून म्हणाले, "मुनीम, ह्याला पॉइंटच्या पुढचं दिसत नाही का?" दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी सराफ गाठला. तेव्हापासून महिन्यातून दोनदा ते सराफाकडं दिसायला लागले, आणि ह्या दिसण्यानं पुढं त्यांच्या घरी जे झालं ते यथावकाश सांगतो.

गावात त्यांना 'गेरवाले सर' म्हणतात. गिअर हा शब्द आमच्याकडं गेर होऊनच पोचतो. ते शाळेत गणित शिकवतात, वय अठ्ठेचाळीस, अंगानं भरलेले, आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सायकलच्या नादाला लागायचं कारण साखर. आमच्या वसमतला पूर्णा कारखाना आहे, तेव्हा गावात साखर निघण्याचं कुणाला नवल नाही. पण ती सरांच्या रक्तात निघाली. डॉक्टर म्हणाले, "चाला." सरांनी 'चालवा' ऐकलं.

मग रोज रात्री मोबाइलवर सायकली बघणं सुरू झालं. शेवटी एका कंपनीची सगळ्यात स्वस्त रोडबाइक मागवली. बैलाच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, दोन बोटं जाडीचे टायर, पुढं दोन चक्रं, मागं सात. ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड, ना घंटी. खोक्यातून बाहेर काढली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बाकीची कधी येणार?"

खोक्यात दोन पेडलं वेगळी होती. उजवं पटकन बसलं. डावं बसेना. सरांनी जोर लावला, पाना लावला, पान्याला पाइप लावला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ज्या बाजूला आपण आवळतो असं वाटतं, त्या बाजूला ते सुटतं. पाय फिरता फिरता ते आपोआप ढिलं होऊ नये म्हणून ही उलटी तऱ्हा. हे जगातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याला माहीत असतं. सरांना बी.एस्सी.ला कुणी सांगितलं नव्हतं. आटे गेले, आणि सायकल एक किलोमीटरही चालायच्या आत तिला पहिला नवा भाग लागला, पेडलचा दांडा. मला वाटतं, खरं नुकसान तिथं झालं. कुरिअरवाल्याकडून ते छोटं, जड खोकं हातात घेताना सरांना जो आनंद झाला, तो सायकल घेतानाही झाला नव्हता. त्या दिवसापासून हा माणूस सायकलीचा राहिला नाही, खोक्यांचा झाला.

पुढचा मुक्काम बसस्थानकाजवळचे चाचा. चाचांचं पंक्चरचं दुकान म्हणजे एक लिंबाचं झाड, एक घमेलं पाणी, एक पंप आणि चाळीस वर्षांचा हात. त्यांनी रोडबाइकच्या ट्यूबचं तोंड बघितलं आणि चष्मा पुसला. आपल्या नेहमीच्या सायकलीचा व्हॉल्व्ह जाडजूड, आत रबरी नळी असलेला. हा प्रेस्टा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक, टोकाला एक एवढीशी चक्की. ती आधी सैल करायची, मग हवा.

"सर, इसका हवा का तोंडच निराळा है," चाचा म्हणाले. "इंजेक्सन देना पडता क्या?"

त्यावर एक पितळी टोपी मिळते. ती बसवली की नेहमीच्या कॉम्प्रेसरनं हवा भरता येते. सरांनी तीन मागवल्या. आकारानं नथीतल्या मोत्याएवढी वस्तू; पहिली चाचांच्या घमेल्यात गेली, दुसरी आमच्या काळ्या मातीत, तिसरी सर गळ्यात ताइतासारखी दोऱ्यात बांधून हिंडतात. टायरवर छापलेला हवेचा वरचा आकडा म्हणजे भरायचाच आकडा, अशी त्यांची समजूत होती. गणिताचा माणूस, शंभरपैकी शंभर घ्यायची सवय. इतकी हवा भरली की औंढा रोडच्या प्रत्येक खड्ड्याची नोंद थेट मणक्यात व्हायची. चाचांनी एकदा अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. "दगड है ये. रास्ता खराब तो हवा कम रखना सर, टायर को थोडा झुकने देव." तेच इंग्रजी पुस्तकात वाचल्यावर सरांना पटलं. मग त्यांनी हवा इतकी कमी केली, की पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेंगरली आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडली. आता सत्तर-पंचाहत्तरवर तडजोड झाली आहे. बाभळीचे काटे मात्र कुठल्याच आकड्याला जुमानत नाहीत.

इथं चेनबद्दल सांगायला हवं, कारण सरांचं निम्मं आयुष्य तिच्यात गेलं.

माघ-फाल्गुनात वसमतला या. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश करणं, सगळं एकदम चाललेलं असतं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं; पण त्याच्या किती आधीपासून इथली हवाच पिवळी आहे. रुमाल पिवळा, वहीची पानं पिवळी, शिंक पिवळी. अशा हवेत सरांनी चेनला मशीनचं तेल पाजलं, तेही सढळ हातानं. चार दिवसांत चेनवर पिवळं-काळं उटणं चढलं. वहिनींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "हळद लागली की हो हिला. लग्न कधी काढायलेत?"

सरांनी अभ्यास केला. ओलं तेल धूळ धरतं, धूळ वाळूसारखी घासते, आणि चेन झिजते. चेन ताणून लांब होते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन झिजते आणि शंभरावर कड्यांची ती केसाकेसाची झीज मिळून चेन लांबते. ती ओळखायला फूटपट्टी पुरते. चेनची एक-एक कडी बरोबर अर्ध्या इंचाची. म्हणजे एका पिनेवर शून्य धरलं तर चोविसावी पिन बारा इंचांवर यायला पाहिजे. इंचाचा सोळावा भाग पुढं गेली, की चेन बदलायची. आठवा भाग गेली, तर तिनं चक्रांचे दातेही खाल्ले म्हणून समजायचं. ही माहिती सरांनी मला दिली, शाळेच्या शिपायाला दिली, आठवीच्या तिन्ही तुकड्यांना दिली. मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्ट्या काळ्या व्हायला लागल्यावर एक पालक शाळेत आले.

आता रॉकेल तर रेशनवरून गेलं. सरांनी एका विद्यार्थ्याच्या ट्रॅक्टरमधून पाव लिटर डिझेल मिळवलं, चेन तीन पाण्यांतून काढावी तशी तीन डिझेलांतून काढली, आणि मग मेणाच्या वाटेला गेले. साधं पॅराफिनचं मेण वितळवायचं, त्यात कोरडी चेन बुडवायची, हलवायची, काढून टांगायची. मेण कड्यांच्या आत गोठतं, वरून कोरडं राहतं, धूळ चिकटत नाही. उपाय खरोखर चांगला आहे. मी स्वतः बघितलंय, चेन चांदीसारखी राहते. अडचण एवढीच, की मेण वितळवायला भांडं लागतं आणि सरांनी वरणाचा कुकर घेतला.

त्या रात्री त्यांच्या घरी वरण झालं नाही. आमच्याकडून गेलं. गल्लीला वाटलं, सर घरीच हळद शिजवायलेत. ह्या दिवसांत कुणीही काहीही शिजवत असलं तर ती हळदच. दुसऱ्या दिवशी वहिनींनी तो कुकर सरांच्या नावावर करून दिला, नवा आणला, आणि त्याच्या झाकणावर सुईनं कोरून घेतलं: 'फक्त डाळ.'

टूर द फ्रान्स ह्या सायकल शर्यतीत जो पुढं असतो त्याला पिवळा सदरा देतात, हे सरांनीच मला सांगितलं. १९१९ पासूनची चाल. स्पर्धा भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर निघायचं म्हणून तो रंग. मी आमच्या हमालांकडं बघितलं. पोती उचलून उचलून नखशिखांत पिवळे. वसमतच्या मोंढ्यात शेवटी राहणारासुद्धा पिवळाच असतो. सरांना हे आवडलं नाही. तो सदरा पहिल्यांदा घालणारा युजेन क्रिस्तोफ हे त्यांचं आराध्य दैवत आहे. कारण क्रिस्तोफ जिंकला म्हणून नव्हे. त्यानं दुरुस्ती केली म्हणून. १९१३ च्या स्पर्धेत तुरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा चिमटा मोडला. नियम असा, की स्वारानं स्वतःचं स्वतः बघायचं. गडी सायकल खांद्यावर मारून दहा किलोमीटरच्या वर चालला, पायथ्याच्या गावात लोहाराचं दुकान गाठलं, आणि स्वतः ऐरणीवर चिमटा घडवून जोडला. काही तास गेले. तरी पंचांनी दंड केलाच, कारण भाता एका पोरानं हलवला होता.

सर ही गोष्ट सांगताना डोळे पुसतात. चाचांना सांगितली तेव्हा त्यांनी सगळी नीट ऐकली आणि विचारलं, "वो पोऱ्या को पैसे मिले क्या?"

ह्या गोष्टीमुळं सरांच्या घरी एक नियम झाला. हवा भरताना मुलानं पंपाला हात लावायचा नाही. एकदा बिचाऱ्यानं घाईच्या वेळी चार दांडे मारले, तर सरांनी त्या दिवशीच्या फेरीच्या वेळेत दहा मिनिटं वाढवून लिहिली. तशी फेरी झालीच नव्हती; पण वहीत दंड आहे.

वही ही एक वेगळीच चीज. डाव्या पानावर काय बदललं, उजव्या पानावर किती किलोमीटर झाले. डावी पानं भरून पुरवण्या लागल्यात. उजवीकडं बहुतेक ठिकाणी 'ट्रायल – गल्ली' असं आहे. सरांचं ध्येय मात्र मोठं. नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघंही डॉक्टर, २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करायची शर्यत दोघांच्या संघानं पूर्ण केली, तेव्हाचं कात्रण देवघराशेजारी लावलंय. सरांना निदान २०० किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे मुदतीत संपवायची लांबची फेरी, करायची आहे. साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे ताशी सरासरी १४.८ किलोमीटर, त्यात चहा, पंक्चर, लघवी सगळं आलं. सरांनी चहाला सात मिनिटं धरून तक्ता केलाय. तक्त्यात सरांची सरासरी अठरा आहे. सहामाही परीक्षेत प्रश्न आला होता: 'एक सायकलस्वार ताशी १८ किमी वेगाने सकाळी ६ वाजता वसमतहून औंढ्याला निघाला. अंतर २४ किमी धरा. तो किती वाजता पोचेल?' एका पोरानं उत्तर लिहिलं, 'पोचणार नाही. चेन काढून ठेवली आहे.' सरांनी अर्धा मार्क दिला. निरीक्षणाचा.

आता सराफाकडं दिसण्यानं जे झालं, ते दिवाळीच्या पाडव्याचं सांगतो.

सरांच्या मागच्या सात चक्रांची त्यांना लाज वाटायला लागली होती. गेर बनवणाऱ्या शिमानोची उतरंड त्यांना मारुतिस्तोत्रासारखी पाठ आहे: सगळ्यात खाली टुर्नी, तिच्यावर क्लॅरिस आठची, सोरा नऊची, टियाग्रा दहाची, आणि वर १०५, अल्टेग्रा, दुरा-एस. वरच्या तिन्हींची नावं घेताना ते आवाज खाली आणतात. सातवरून नऊवर जायचं ठरलं. दोनच चक्रं वाढवायची, मुनीम, दोनच. मी हिशेबाचा माणूस. मी म्हटलं, दोन चक्रांचे किती होतील?

नऊ चक्रांचा कॅसेट आणला. तो बसेना. स्वस्त सायकलीचं मागचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी पिळून बसवलेलं असतं. कॅसेटला खाचांचा वेगळा हब लागतो. म्हणजे मागचं चाक नवं. मागचं चाक काळं आलं, पुढचं पांढरं राहिलं. लंगडं दिसतंय म्हणून पुढचंही नवं. नऊच्या कॅसेटला चेन अरुंद लागते, चेन नवी. गेर बदलणारा मागचा खटका सातच्या मापाचा, तो नवा. हँडलवरचे गेर आणि ब्रेक एकाच मुठीत असतात, त्यामुळं ब्रेकच्या मुठीही नव्या. मुठी काढायच्या तर हँडलची पट्टी उकलावी लागते, आणि उकललेली पट्टी पुन्हा बसत नाही. वायरी, वायरीची नळी, ब्रेकचे गट्टू. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण माझ्या आजीच्या काळात अतिशयोक्ती असावी. शेवटी त्या सायकलीची फ्रेम तेवढी माहेरची उरली, बाकी सगळं सासरचं.

हे सगळं वहिनींना कळलं नव्हतं असं नाही. पण किमती कळताना एक शून्य वाटेत गळायचं. आणि त्यात सरांचं सराफाकडं जाणं-येणं. वसमत मोठं गाव असलं, तरी दुसऱ्याचा नवरा सराफाच्या पायरीवर दिसला ही बातमी पोचायला मोठं नाही. तीन बायकांनी वहिनींना सांगितलं. चौथीनं तर ऐकलंही होतं: सर सराफाला म्हणत होते, "हलकी असली तरी मजबूत पाहिजे. चेन आहे, रोज वापरायची." वहिनींनी कुणाला काही बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवाळीत चकल्या जरा जास्तच खुसखुशीत झाल्या, आणि सरांना दोनदा विचारून शेव केली.

पाडव्याला ओवाळायची वेळ आली. वहिनींनी नवी साडी नेसली. सरांच्या हातात लांबट खोकं होतं. वहिनींनी ओवाळलं, सरांनी तबकात शंभराची नोट टाकली, खोकं उघडलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "बघ. नऊ स्पीडची. एकशे सोळा कड्या."

त्या रात्रीचं आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही. काहीच ऐकू आलं नाही, हेच भीतीचं होतं. दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच सराफाकडं गेल्या आणि काय ते घेऊन आल्या. सराफानं म्हणे त्यांनाही विचारलं, "वजन किती धरू?" वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या सायकलीत जेवढं लागलं तेवढं."

एवढं सगळं करून सायकल तयार झाली, आणि तिच्यातून आवाज यायला लागला.

कट्. एक फेरी. कट्.

आमच्याकडं आवाजाची गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत. वसमत तालुक्यातच पांगरा शिंदे नावाचं गाव आहे. तिथं कित्येक वर्षांपासून जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येतात, भांडी वाजतात, माणसं रात्री-बेरात्री अंगणात येऊन बसतात. तेव्हा आवाज कुठून येतोय ह्याचा शोध हा आमच्या भागाचा जुना व्यवसाय आहे. सरांनी तो शास्त्रशुद्ध पद्धतीनं हाती घेतला. सीटचा दांडा काढून ग्रीस लावून बसवला. कट्. पेडलं काढून ग्रीस. कट्. पुढच्या चक्राचे बोल्ट. कट्. चाकांचे एक्सल. कट्. राहिला पेडलांच्या मधला एक्सल. त्याला हे सायकलवाले 'बीबी' म्हणतात. सर चाचांकडं गेले.

"चाचा, बीबी लई आवाज करायली. बदलूनच टाकायची."

चाचांनी हातातली ट्यूब घमेल्यात सोडली. "सर, सबकी करती. बदलते नै."

गैरसमज दूर झाला, बीबी बदलली. कट्. तेव्हा वहिनी एकदा सहज म्हणाल्या, "अहो, तो आवाज मला तुम्ही जिना चढताना पण येतो." सरांनी दुसऱ्या दिवशी जिन्याच्या फरश्या ठोकून बघितल्या आणि तिसऱ्या पायरीत सिमेंट भरून घेतलं.

२१ मार्च २०२४ ची सकाळ माझ्या लक्षात आहे. सहाचा सुमार. सरांनी सायकल अंगणात उलटी ठेवून मागच्या चाकाचा आऊट काढायला घेतला होता. चाक फिरवायचं, ब्रेकचा गट्टू कुठं घासतो ते बघायचं, त्या जागची तार पाव फेरी आवळायची. मी दात घासत कठड्यावर होतो. एकदम पायाखालची फरशी थरथरली, पत्रे वाजले, आणि सर ओरडले, "आऊट आला! मुनीम, पूर्ण चाक आऊट आलं!" साडेचार रिश्टरचा धक्का होता, हिंगोली, नांदेड, परभणी, सगळीकडं जाणवला. गल्ली रस्त्यावर आली, लेकरं काखेत, कागदपत्रं पिशवीत. सर तारेची किल्ली घेऊन चाकापाशीच. दहा मिनिटांनी पुन्हा एक छोटा धक्का बसला, तेव्हा समाधानानं म्हणाले, "म्हणजे चाकाचा दोष नव्हता."

शेवटी एका रविवारी औंढ्याला जायचं ठरलंच. मी मागून स्कुटीवर. सरांच्या भाषेत 'सपोर्ट'. डिकीत दोन ट्यूबा, पंप, पाने, मेणाचा डबा आणि वहिनींनी दिलेली धपाटी. सर पॅडवाली तंग चड्डी घालून निघाले. वर लुंगी गुंडाळली होती, ती गाव संपल्यावर सोडून माझ्याकडं दिली. आणि खरं सांगायचं तर, त्या माणसाला सायकल चालवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. सकाळचा गारवा, दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पडलेली, आणि सर खाली वाकून एका लयीत पाय मारत होते. गेर लोण्यासारखे पडत होते. चेनचा आवाज नव्हता, चाकं सरळ होती. पन्नास दाती पुढं आणि सगळ्यात लहान चक्र मागं असलं, की पेडलच्या एका फेरीत सायकल साडेसात मीटरच्या वर जाते, असं त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. ते डोळ्यांनी बघताना वेगळंच वाटलं. मी त्यांच्यावर इतकं हसलोय, पण त्या अर्ध्या तासात मला एकही विनोद सुचला नाही. औंढा जवळ आल्यावर माळाचा चढ लागला आणि मग सुरू झालं. कट्. कट्. सरांचं तोंड कडू झालं.

औंढ्याला पोचलो. दीड तास आणि वर चार मिनिटं. सायकल बाहेर, चपलांच्या राखणदारापाशी साखळीनं बांधली. नागनाथाच्या देवळाची कथा सगळ्यांना माहीत आहे. नामदेवांना पुजाऱ्यांनी कीर्तनातून उठवून मागं घालवलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. सर शिखराकडं बघून म्हणाले, "आणि आऊट न येता, मुनीम." इथली पिंड खाली, भुयारासारख्या गाभाऱ्यात आहे. अरुंद, ओल्या पायऱ्या, एका वेळी एकच माणूस मावतो, वाकून उतरायचं. पुढं सर, मागं मी, माझ्या मागं कुरुंद्याची एक म्हातारी. खाली समई, पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज, बाकी शांतता. सरांनी उजवा पाय खालच्या पायरीवर टेकला.

कट्.

सर थांबले. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. डावा पाय टेकला. काही नाही. पुन्हा उजवा.

कट्.

गाभाऱ्यात तो चांगला घुमला. माझ्या मागची म्हातारी ओरडली, "भूकंप! भूकंप हाय बाबा, वर चला!" आणि आमचं दर्शन पिंडीपासून तीन पायऱ्यांवर राहिलं. वरचे सगळे सभामंडपाबाहेर. त्या गर्दीत सर गुडघ्यावर हात ठेवून उभे होते, तोंडावर असा भाव, जसा गणिताचं उत्तर चुकीचं नसून प्रश्नच चुकीचा छापलाय हे कळल्यावर येतो.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, फोटो उजेडासमोर धरला.

"काळजीचं काही नाही, सर. वयानं होतं. वंगण कमी झालंय."

सर खुर्चीत पुढं सरकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. त्यांनी खिशातून वही काढली, डावं पान उघडलं.

"कोणतं टाकायचं म्हणता? आपल्याकडं धूळ लई, डॉक्टर. ओलं टाकलं तर माती धरंल. मेणाचं काही निघालंय का?"